पूर्वेचे घड्याळ मागे, पश्चिमेचे पुढे : यावरून निरपेक्ष गती सिद्ध होते का?

खानापूर_विज्ञान

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडून दहावी होऊन बेळगावला पी.यू.सी.साठी (अकरावी-बारावीसाठी) गेलेली मुले सुटीत गावी आली की शाळेत डोकावतात आणि तिकडे इंग्रजीतून ऐकलेले पुन्हा एकदा मराठीतून उलगडून घेतात. त्यांतल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न मी येथे मांडतो आहे, कारण पाठ्यपुस्तकातल्या नेहमीच्या दोन ओळींच्या उत्तराने तो सुटत नाही.

१९७१ च्या ऑक्टोबरमध्ये हाफेले आणि कीटिंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी सीझियमच्या अणूंवर चालणारी चार अतिशय अचूक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, एकदा पूर्वेकडे आणि एकदा पश्चिमेकडे जात. परतल्यावर ती वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतील घड्याळांशी ताडून पाहिली, तेव्हा पूर्वेच्या फेरीत ती सुमारे ५९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश भाग) मागे पडलेली आणि पश्चिमेच्या फेरीत सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेलेली आढळली. मुलीचे म्हणणे असे की, जमिनीवरून पाहिले तर विमानाचा वेग दोन्ही फेऱ्यांत साधारण सारखाच होता. गती केवळ सापेक्ष असेल आणि गतीने घड्याळ मंदावत असेल, तर जमिनीवरच्या घड्याळाच्या तुलनेत वेगाचा परिणाम दोन्ही वेळा सारखाच व्हायला हवा होता. तो तसा झाला नाही. म्हणजे जमिनीवरचे घड्याळ स्वतःच खरोखर पूर्वेकडे चालले होते, पूर्वेचे विमान त्याहून जास्त वेगाने आणि पश्चिमेचे त्याहून कमी वेगाने चालले होते, आणि घड्याळांना ही खरी गती 'कळली'. असे असेल तर निरपेक्ष गती, म्हणजे कशाशीही तुलना न करता असलेली गती, ओळखता येत नाही, असे आपण मुलांना कशाच्या आधारावर सांगतो?

पृथ्वीच्या परिवलनामुळे असे होते, हे मी तिला सांगितले. त्यावर तिने लगेच विचारले, "सर, पण परिवलन तरी कशाच्या संदर्भात?" या दुसऱ्या प्रश्नापाशी मला अधिक नेमके उत्तर हवे आहे. ज्यांनी हा विषय खोलात जाऊन अभ्यासला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

टिळकवाडी

आपल्या विद्यार्थिनीने अगदी योग्य जागी बोट ठेवले आहे. शब्दांनी हा प्रश्न सुटायचा नाही, म्हणून आपल्याच अक्षांशाचे आकडे घेऊन हिशेब मांडतो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवले आहे आणि हा प्रयोग वर्गात नेहमी अर्धवटच सांगितला जातो, असा माझा अनुभव आहे.

बेळगाव उत्तर अक्षांश १५.८५ अंशांच्या आसपास आहे. परिवलनामुळे येथली जमीन सेकंदाला सुमारे ४४७ मीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. समजा, बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवरून ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५० मीटर वेगाची दोन विमाने निघाली आणि याच अक्षांशावरून एक पूर्वेला व दुसरे पश्चिमेला गेले. पृथ्वीच्या केंद्राशी जोडलेल्या, पण पृथ्वीबरोबर न फिरणाऱ्या चौकटीतून (ज्या संदर्भात वेग आणि वेळ मोजतो त्या व्यवस्थेतून) पाहिले, तर पूर्वेच्या विमानाचा वेग ६९७, पश्चिमेच्या विमानाचा १९७ आणि सांबऱ्यात ठेवलेल्या घड्याळाचा ४४७ मीटर भरतो. इतक्या लहान वेगांसाठी घड्याळ किती मंदावते हे काढायला वेगाच्या वर्गाला प्रकाशवेगाच्या वर्गाच्या दुपटीने भागले की पुरते. चोवीस तासांच्या उड्डाणासाठी हा हिशेब केला, तर पूर्वेचे घड्याळ सांबऱ्याच्या घड्याळापेक्षा १३७ नॅनोसेकंद मागे पडते आणि पश्चिमेचे ७७ नॅनोसेकंद पुढे जाते. उंचीवर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे दहा किलोमीटर उंचीवरची दोन्ही घड्याळे दिवसाला आणखी ९४ नॅनोसेकंद पुढे जातात. पण तो भाग दोघांनाही सारखाच असल्याने बाजूला ठेवू.

आता १३७ आणि ७७ यांची फोड करून पाहावी. दोन्हींत ३० नॅनोसेकंदांची पिछाडी समान आहे, आणि ती विमानाच्या स्वतःच्या २५० मीटर वेगाच्या वर्गातून येते. 'दोन्ही विमाने सारखीच मागे पडायला हवीत' ही आपल्या विद्यार्थिनीची अपेक्षा या ३० नॅनोसेकंदांत पूर्ण झालेलीच आहे. उरलेले १०७ नॅनोसेकंद पूर्वेच्या घड्याळातून वजा होतात आणि पश्चिमेच्या घड्याळात मिळवले जातात. ते जमिनीचा वेग आणि विमानाचा वेग यांच्या गुणाकारातून येतात, आणि सगळा वाद या गुणाकाराचा आहे.

जमिनीच्या ४४७ मीटरपाशीच आपण का थांबावे? पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने जाते आणि सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती त्याहून कितीतरी वेगाने जातो. त्या वेगांचाही विमानाच्या वेगाशी गुणाकार व्हायला हवा आणि त्यांचा परिणाम १०७ नॅनोसेकंदांच्या अनेक पटींनी दिसायला हवा. तो दिसत नाही. याचे कारण असे की, संपूर्ण पृथ्वी कोणत्याही एका सरळ दिशेने, कोणत्याही एकसमान वेगाने चालली आहे असे मानले, तर त्या वेगाचा गुणाकार क्षणोक्षणी विमान आणि जमीन यांच्या वेगांतील फरकाशी होतो. हा फरक प्रवासभर मिळवत गेल्यास दोन्ही घड्याळांच्या एकूण विस्थापनांतील फरक हाती येतो. पण दोन्ही घड्याळे एकाच जागी एकमेकांपासून दूर झाली आणि एकाच जागी पुन्हा भेटली, त्यामुळे त्यांचे एकूण विस्थापन सारखेच असणार आणि फरक शून्य असणार. मग तो एकसमान वेग सेकंदाला ३० किलोमीटर असो की ३०० किलोमीटर, बेरजेतून तो पूर्णपणे निघून जातो. संपूर्ण सूत्र वापरले की उरलेले अगदी बारीक अंशही जुळतात. परिवलनाचे असे होत नाही. विमान ज्या ज्या ठिकाणी पोहोचते, त्या त्या ठिकाणी जमिनीचा वेग तिथल्या पूर्वेकडेच असतो, म्हणून हा गुणाकार फेरीभर एकाच चिन्हाचा राहतो आणि साचत जातो.

म्हणून १९७१ च्या प्रयोगाने पृथ्वीचे परिवलन ओळखले. सरळ रेषेतली एकसमान गती त्याने ओळखली नाही आणि तसे करणे त्याला शक्यही नव्हते. परिवलन बंद खोलीत ओळखता येते, हे फूकोने १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथियनमध्ये ६७ मीटर तारेच्या लंबकाच्या हळूहळू फिरणाऱ्या झोक्याने दाखवले होते. १९२५ मध्ये मायकेलसन, गेल आणि पिअरसन यांनी शिकागोजवळ सुमारे ६१० मीटर लांब आणि ३४० मीटर रुंद अशा नळ्यांच्या आयतातून प्रकाश दोन्ही बाजूंनी फिरवला. तेव्हा व्यतिकरण पट्टे (दोन प्रकाशलहरी एकत्र आल्यावर दिसणारे उजेड-अंधाराचे पट्टे) परिवलनामुळे ०.२३६ पट्टा सरकायला हवे होते आणि ते ०.२३० पट्टा सरकले. याच मायकेलसनने १८८७ मध्ये मोर्लीसह पृथ्वीची ईथरमधली (प्रकाश ज्यातून जातो असे तेव्हा मानत, त्या माध्यमातली) सरळ गती शोधण्याचा प्रयत्न केला होता. तिथे ०.४ पट्टा सरकणे अपेक्षित असताना त्यांना त्याच्या विसाव्या भागाइतकेही सरकणे मिळाले नाही. एकाच कसबी हाताने केलेले हे दोन प्रयोग मी नेहमी एकत्र शिकवीत असे, कारण फिरणे आणि सरळ जाणे यांतला भेद त्यांच्याइतका ठसठशीतपणे आणखी कुठेच दिसत नाही.

निपाणी_मोजणी

टिळकवाडी यांचा हिशेब मी कागदावर करून पाहिला आणि तो बरोबर येतो. तरीही माझे समाधान झालेले नाही, ते का हे सांगतो. मी जमीन मोजणीच्या कामात आहे आणि आमची आताची सगळी उपकरणे उपग्रहांच्या घड्याळांवर चालतात. जी.पी.एस.चे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. वेगामुळे त्यांची घड्याळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, उंचीमुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि निव्वळ ३८ मायक्रोसेकंदांची ही आघाडी आधीच दुरुस्त केली नाही, तर एका दिवसात अंतरात अकरा किलोमीटरपर्यंतची चूक साचेल. बांधावरून दोन भावांत वाद चालू असतो आणि आम्ही सेंटिमीटरपर्यंतचे उत्तर देतो, ते या दुरुस्तीच्या जोरावर.

परंतु या हिशेबात आणखी एक दुरुस्ती आहे. उपग्रहाकडून निघालेला संदेश आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत जमीन पूर्वेकडे सरकलेली असते, म्हणून पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या उपग्रहांसाठी वेगवेगळी वजाबाकी-बेरीज करावी लागते. ती शंभर नॅनोसेकंदांच्या घरात, म्हणजे तीस मीटरच्या आसपास जाते. याचा अर्थ मोजणाऱ्याच्या दृष्टीने पूर्वेकडून येणारा आणि पश्चिमेकडून येणारा प्रकाश सारखा नाही. न फिरणारी एक विशेष चौकट आहे आणि आम्ही रोज तीच वापरतो.

दुसरे असे की, डच पदार्थवैज्ञानिक लॉरेंट्झ यांचा जुना विचार आजही आकड्यांनी खोडलेला नाही. फिट्झजेराल्डने १८८९ मध्ये आणि लॉरेंट्झने १८९२ मध्ये सांगितले की, ईथरमधून जाताना वस्तू आखडतात. पुढे घड्याळे मंदावतात हेही त्यात आले. हे दोन परिणाम मिळून ईथरमधली गती आपल्यापासून लपते, असे मानले तर प्रत्येक प्रयोगाचे उत्तर आइन्स्टाइनच्या उत्तराशी तंतोतंत जुळते. मग 'निरपेक्ष गती ओळखता येत नाही' एवढेच म्हणावे; 'ती नाहीच' असे कशावरून? शिवाय पृथ्वीची सूर्याभोवतीची गती सरळ नसून वर्तुळाकार आहे, तरीही ती बंद खोलीत सापडत नाही. वर्तुळाकार गती सापडते हा नियम मग इथे कुठे गेला?

टिळकवाडी

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर लहान आहे. पृथ्वी सूर्याभोवती मुक्तपणे पडत असते. खोली, घड्याळ, लंबक आणि आपण स्वतः, सगळेच एकसारखे पडत असतो, म्हणून सूर्याभोवतीचा मार्ग वक्र असूनही खोलीत त्याची चाहूल लागत नाही. उरतो तो केवळ भरती-ओहोटी आणणारा बारीक फरक. सांबऱ्यातली जमीन मात्र परिवलनात मुक्तपणे पडत नाही. तिच्यावर उभ्या असलेल्या वस्तूला जमीन खालून आधार देते. म्हणून मार्ग वर्तुळ आहे की नाही यापेक्षा वस्तू मुक्तपणे पडते आहे की नाही आणि चौकट स्वतःभोवती फिरते आहे की नाही, हे पाहावे लागते.

आपण वापरता ती न फिरणारी चौकट सोयीची आहे आणि परिवलन खरे आहे, याबद्दल वादच नाही. पण ती चौकट पृथ्वीच्या केंद्राबरोबर सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने चाललेली आहे, आणि त्या ३० किलोमीटरसाठी जानेवारीत एक आणि जुलैत दुसरी दुरुस्ती आपल्याला कधीही करावी लागत नाही. लॉरेंट्झच्या विचाराबद्दल पुढे लिहीन.

खानापूर_विज्ञान

टिळकवाडी सरांचा विस्थापनाचा मुद्दा मी त्या मुलीला फोनवर सांगितला आणि तो तिला पटला. आता तिची अडचण दुसरीकडे सरकली आहे. दोन घड्याळे एकमेकांजवळून सरळ, एकसमान वेगाने गेली, तर प्रत्येकाच्या दृष्टीने दुसरे मंद असते, असे पुस्तक सांगते. ती म्हणते की, 'अ' हे 'ब' पेक्षा मंद आणि 'ब' हे 'अ' पेक्षा मंद, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असूच शकत नाहीत, आणि एक जरी खोटे ठरले तरी कोणते घड्याळ खरोखर चालले आहे ते ठरले. मला हे तर्काने तोडता आले नाही. आकड्यांनिशी कोणी दाखवील का?

चिकोडी_एमएस्सी

हर्बर्ट डिंगल या ब्रिटिश अभ्यासकाने हाच आक्षेप अनेक वर्षे लावून धरला होता, तेव्हा आपली विद्यार्थिनी एका जुन्या आणि गंभीर वादात उतरली आहे.

समजा, एका सरळ मार्गावर 'क' आणि 'ख' ही दोन घड्याळे स्थिर आहेत आणि त्यांच्यात इतके अंतर आहे की ते ओलांडायला प्रकाशाला सहा मिनिटे लागतात. मार्गावर उभ्या असलेल्या माणसाने ती दोन्ही जुळवून ठेवली आहेत. प्रकाशवेगाच्या ०.६ पट वेगाने एक यान 'क' वरून 'ख' कडे जाते. 'क' पाशी असताना यानातले घड्याळ आणि 'क', दोन्ही शून्य दाखवतात. मार्गावरच्या माणसाच्या हिशेबाने यानाला 'ख' पर्यंत दहा मिनिटे लागतात, आणि यानाचे घड्याळ ०.८ पटीने चालत असल्यामुळे ते 'ख' पाशी आठ मिनिटे दाखवते, तर 'ख' दहा मिनिटे दाखवते. ही दोन वाचने अगदी शेजारीशेजारी घेतलेली असल्याने त्यांच्याविषयी कोणाचेही दुमत होणार नाही.

आता यानात बसून पाहू. यानाच्या दृष्टीने 'क' आणि 'ख' ही घड्याळेच चालत आहेत, म्हणून ती ०.८ पटीने चालतात, आणि यानातल्या आठ मिनिटांत ती केवळ ६.४ मिनिटे पुढे सरकतात. मग 'ख' दहा कसे दाखवते? कारण यानाच्या चौकटीत 'क' आणि 'ख' मुळात जुळलेली नव्हतीच. 'क' शून्य दाखवत होते त्या क्षणी, यानाच्या दृष्टीने, 'ख' आधीच ३.६ मिनिटे दाखवत होते. हे ३.६ म्हणजे ०.६ गुणिले सहा. ३.६ आणि ६.४ मिळून दहा होतात.

म्हणजे मार्गावरचा माणूस यानाचे एकच घड्याळ आपल्या दोन घड्याळांशी ताडतो, आणि यानातला माणूस मार्गावरच्या एका घड्याळाची तुलना आपल्या चौकटीतील दोन घड्याळांशी करतो. दोन वेगळ्या तुलना आहेत, म्हणून दोन्ही विधाने खरी असू शकतात. दूर असलेल्या दोन घटना एकाच क्षणी घडल्या की नाही, याचे उत्तर चौकटीवर अवलंबून आहे, ही एक गोष्ट मान्य केली की विरोधाभास उरत नाही. ती मान्य केली नाही, तर तो कधीच सुटत नाही. माझ्या मते वर्गात घड्याळ मंदावण्याच्या आधी हीच गोष्ट शिकवायला हवी, आणि बहुतेक पुस्तके नेमका उलटा क्रम धरतात.

यान मागे वळून पुन्हा 'क' पाशी आले, तर मात्र यानाच्या घड्याळात सोळा आणि 'क' मध्ये वीस मिनिटे झालेली असतील, आणि हा फरक सर्वांना मान्य असेल. वळले कोण, हे दोघांनाही ठाऊक आहे, कारण वळताना धक्का यानातल्या माणसालाच बसला.

हे केवळ कागदावरचे नाही. १९६३ मध्ये फ्रिश आणि स्मिथ यांनी अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टनवर, सुमारे १,९०० मीटर उंचीवर, विश्वकिरणांतले म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण जड आणि अल्पायुषी कण) मोजले. ते तासाला सुमारे ५६३ मिळाले. म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद असल्याने समुद्रसपाटीपर्यंत त्यांतले जेमतेम २७ उरायला हवे होते, पण तिथे ४०८ मोजले गेले. २०१० मध्ये तर अमेरिकेतील मोजमापांच्या राष्ट्रीय प्रमाणसंस्थेत ॲल्युमिनियमच्या आयनांच्या घड्याळांनी सेकंदाला दहा मीटरहूनही कमी वेगाचा, म्हणजे आपल्या गावातल्या मोपेडच्या वेगाचा परिणाम मोजून दाखवला.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या मुलांना आवडेल. आइन्स्टाइनने १९०५ च्या लेखात असे लिहिले होते की, विषुववृत्तावरचे घड्याळ ध्रुवावरच्या घड्याळापेक्षा किंचित मंद चालेल. तेव्हा गुरुत्वाकर्षणाचा घड्याळावरचा परिणाम ठाऊक नव्हता. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली असल्यामुळे समुद्रसपाटीवर हे दोन परिणाम एकमेकांना खोडतात आणि घड्याळे सगळीकडे सारखीच चालतात. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा फरक मात्र उरतो. बेळगाव साडेसातशे मीटरांच्या आसपास आहे, म्हणून येथले घड्याळ वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ७ नॅनोसेकंद पुढे जाते.

निपाणी_मोजणी

हा हिशेब निर्दोष आहे, हे मान्य करतो. पण विश्वाकडे पाहिले तर एक चौकट उघडपणे वेगळी दिसते. महास्फोटानंतर उरलेले सूक्ष्मतरंगांचे प्रारण सगळ्या दिशांनी येते. त्याचे तापमान २.७२५ केल्विन आहे. एका दिशेला ते ३.३६ मिलिकेल्विनने अधिक आणि विरुद्ध दिशेला तेवढेच कमी आहे. यावरून आपली सूर्यमाला सिंह राशीच्या दिशेने सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने चालली आहे, असे निघते. १९७७ मध्ये हे यू-२ विमानातून मोजले गेले आणि पुढे उपग्रहांनी ते पक्के केले. ज्या चौकटीत हे प्रारण सर्व दिशांनी सारखे दिसते, ती निरपेक्ष स्थिर चौकट आहे, असे का म्हणू नये?

टिळकवाडी

हा खरा तगडा आक्षेप आहे. या ३७० किलोमीटरला मी 'पार्श्वप्रारणाच्या संदर्भातला वेग' म्हणेन, आणि तो मोजणे हे विज्ञानाचे मोठे यश आहे. त्या चौकटीला विश्वरचनेत विशेष स्थानही आहे. विश्वाचे वय आपण तिच्यातल्या घड्याळानेच सांगतो. पण न्यूटनला जी निरपेक्ष गती अभिप्रेत होती, ती अवकाशाच्याच संदर्भात होती. कोणत्याही पदार्थाच्या किंवा प्रारणाच्या संदर्भात नव्हती. ३७० किलोमीटरचा वेग मोजण्यासाठी आपल्याला बाहेरून आलेले तरंग आत घ्यावे लागतात. धातूच्या भिंतींनी ते अडवले आणि आत घड्याळे, लंबक, प्रकाश, अणू, काय हवे ते ठेवले, तर सेकंदाला ३७० किलोमीटर हा आकडा आतून कशानेही निघत नाही. मायकेलसनच्या प्रयोगाची आजची रूपे फिरत्या मेजावरच्या प्रकाशीय पोकळ्यांनी (आरशांमध्ये प्रकाश कोंडून ठेवणाऱ्या उपकरणांनी) केली जातात, आणि प्रकाशाच्या वेगात दिशेनुसार फरक असलाच तर तो १०,००,००,००,००,००,००,००० भागांत एका भागाहूनही कमी आहे, इथपर्यंत ती पोहोचली आहेत. एवढ्या बारकाईने शोधूनही नियमांना स्वतःची अशी कोणतीही पसंतीची चौकट दिसलेली नाही.

लॉरेंट्झच्या विचाराबद्दल आपले म्हणणे तर्कदृष्ट्या मला मान्य आहे. प्रयोग त्याला खोडत नाही. पण त्यात ईथरचा वेग कोणताही धरला तरी प्रत्येक प्रयोगाचे उत्तर तेच येते. जे धरले काय आणि बदलले काय, कोणत्याही मापनात फरक पडत नाही, त्याला सिद्धांतात ठेवायचे कशासाठी? शिवाय पट्टी का आखडते, म्यूऑन उशिरा का मरतो, सीझियमचा अणू मंद का होतो, या सगळ्यांना अगदी एकच गुणक का लागतो, याला त्या विचारात वेगळे कारण द्यावे लागते. आइन्स्टाइनच्या मांडणीत ते एकाच ठिकाणाहून येते. याच कारणासाठी मी दुसरी बाजू घेतो.

आता विद्यार्थिनीचा मूळ प्रश्न : परिवलन कशाच्या संदर्भात? न्यूटनने १६८७ मध्ये फिरणाऱ्या बादलीतले पाणी कडेने वर चढते हे दाखवून 'अवकाशाच्या संदर्भात' असे उत्तर दिले. ऑस्ट्रियन पदार्थवैज्ञानिक माखने १८८३ मध्ये विचारले की, विश्वातल्या इतर सर्व पदार्थांच्या संदर्भात असे का म्हणू नये. भोवती एकही तारा नसता तर पाणी वर चढलेच असते हे कोणी पाहिले आहे? या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आजही एकमताने दिले जात नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत मांडला, तो माखच्या या विचारावरच उभा होता. त्यात वस्तूचे जडत्व विश्वातल्या इतर सर्व वस्तूंमुळे ठरते. तो सर्वमान्य झाला नाही, पण प्रश्न किती मूलभूत आहे हे त्यावरून कळते.

सर्वसाधारण सापेक्षतेनुसार, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतानुसार, फिरणारी पृथ्वी आपल्या आसपासच्या 'न फिरणाऱ्या' चौकटीलाही किंचित आपल्याबरोबर ओढते. २००४ मध्ये सोडलेल्या ग्रॅव्हिटी प्रोब-बी या उपग्रहातील चार भोवऱ्यांच्या अक्षांनी हे ओढणे दाखवले. अपेक्षा वर्षाला सुमारे ३९ मिलिआर्कसेकंदांची (एक मिलिआर्कसेकंद म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाचा हजारावा भाग) होती आणि २०११ मध्ये जाहीर झालेले मापन ३७ चे होते, सात इकडेतिकडे. म्हणून विद्यार्थिनीला मी असे सांगेन की, परिवलन स्थानिक पातळीवर, खिडकीबाहेर न पाहता ओळखता येते; पण 'न फिरणे' म्हणजे काय हेही पदार्थाच्या आणि त्याच्या गतीच्या प्रभावाखाली ठरते. त्यामुळे त्यालाही न्यूटनच्या अर्थाने पूर्ण निरपेक्ष म्हणता येत नाही.

हलशी_वाचक

एक लहानशी भर घालतो. आर्यभटाने म्हटले होते की, नावेतून पुढे जाणाऱ्याला तीरावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्यावर वराहमिहिराचा आक्षेप असा होता की, पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यांकडे परतू शकले नसते. हा आक्षेप बावळटपणाचा मुळीच नव्हता. पक्षी, हवा आणि झाड हे सगळे पूर्वेकडच्या त्याच गतीत आधीपासून सहभागी आहेत आणि म्हणून ती गती त्यांना जाणवत नाही, हे उत्तर गॅलिलिओने १६३२ मध्ये बंद जहाजाच्या युक्तिवादातून स्पष्टपणे मांडले. मुलांना सापेक्षता शिकवताना पक्ष्यांच्या या प्रश्नापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

खानापूर_विज्ञान

सर्वांचा मी ऋणी आहे. आमच्या शाळेच्या नव्या इमारतीत तिन्ही मजल्यांतून जाणारा जिन्याचा मोकळा चौक आहे. तिथे फूकोचा लंबक टांगावा, असे त्या मुलीने आणि तिच्या मित्रांनी ठरवले आहे. आपल्या अक्षांशावर तो दिसण्याइतका फिरेल का, आणि काय काळजी घ्यावी?

टिळकवाडी

अवश्य टांगावा. खानापूरच्या अक्षांशावर त्याच्या झोक्याची दिशा वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ताशी सुमारे ४ अंश फिरेल आणि पूर्ण फेरीला साधारण ८९ तास लागतील. पॅरिसमध्ये हेच ताशी ११ अंशांहून अधिक असते, म्हणून तिकडच्या वर्णनांवर विसंबून घाईने निष्कर्ष काढू नये. एका तासिकेत अडीच-तीन अंशच मिळतील. सकाळी सोडून दुपारी पाहावे. तोवर झोका बराच लहान झालेला असेल, म्हणून गोळा जड घ्यावा, निदान दहा किलोचा.

खरा शत्रू दुसराच आहे. नऊ मीटरच्या तारेवर एक मीटरचा झोका दिला आणि गोळा मध्यबिंदूवरून न जाता केवळ एक सेंटिमीटर बाजूने जाऊ लागला, तर त्या अरुंद लंबवर्तुळामुळे झोक्याची दिशा ताशी जवळजवळ दहा अंश फिरते, आणि तेही गोळा ज्या बाजूने वळसा घेतो त्या बाजूला. म्हणजे पृथ्वीचा परिणाम त्याखाली पार बुडून जातो. झोका तीस सेंटिमीटरचा ठेवला आणि बाजूचे सरकणे त्याच प्रमाणात तीन मिलिमीटर राहिले, तर हा दोष ताशी एका अंशाच्या आत येतो. गोळा हाताने सोडू नये. तो दोऱ्याने भिंतीकडे ओढून बांधावा, पूर्ण स्थिर होऊ द्यावा आणि मग दोरा जाळून सोडावा, जसे फूकोने केले होते. तार वर दोन पट्ट्यांत न दाबता गोल छिद्राच्या चिमट्यात सर्व बाजूंनी सारखी धरावी. पावसाळ्यात खालचे आणि वरचे दार बंद ठेवावे, नाहीतर जिन्यातला वारा सगळे बिघडवील.

मुलांनी लंबक एकदा उत्तर-दक्षिण आणि एकदा पूर्व-पश्चिम सोडून दोन्ही वेळचा वेग नोंदवावा. दोन्ही दिशांना ताशी चार अंशांच्या जवळपास आणि एकाच बाजूला फिरणे मिळाले, तर ते पृथ्वीचे. दिशेनुसार उत्तर बदलले, तर चिमटा काढून पुन्हा बसवावा आणि मगच पुढची नोंद घ्यावी.